बाबांच्या बाटलीतला गाळ

आरपिक,

बाबांच्या कबरीचा दगड बघायला कारागिराकडे चाललोय. जेवायला माझी वाट बघू नकोस.

बाबांच्या चाळिसाव्याला पाद्रीबाबा आणि आपल्या जुल्फा मोहल्ल्यातले सगळे आपल्याकडे जेवणार, तेव्हा बिअर आजच लावायला हवी. दारूबंदीत दुकानात मिळतं ते बिनदारूचं जवाचं पेय मी बुधल्यात ओतून ठेवलंय. त्यात साखर विरघळव आणि बुधला न्हाणीघरात पडद्याआड ठेव. झाकण सैलच असू दे. मागे मी ते घट्ट आवळलं, तर फेस छतापर्यंत उडाला होता आणि बाबा महिनाभर मला "या, इंजिनिअरसाहेब" म्हणायचे.

विरजणाला बाबा नेहमी आधीच्या बिअरचा गाळ घालायचे. त्यांच्या शेवटच्या बाटलीतला गाळ मी जपून ठेवला होता. आईने काल घर आवरताना ती बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पालथी घातली. तिला अजून कळलेलं नाही, तूही बोलू नकोस. कोपऱ्यावरच्या नानवाल्याकडून यीस्ट आण, कोमट पाण्यात भिजव आणि घाल.

त्या दिवशी पहिला घोट आईच घेणार. ही त्यांची चव नाही म्हणाली, तर यंदा दुकानातला मालच तसा आला म्हण. तेवढं तू सांग. मला जमणार नाही.

सेरोझ