सर्वांना पाठवलेली क्षमा

धुळे, २९ ऑगस्ट
संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी

तरुणजी,

जय जिनेन्द्र. आम्ही खुशाल आहोत. प्रियलचा खोकला थांबला. मम्मीचे गुडघे तसेच. माझा कालचा उपवास नीट झाला, सकाळी पारणंही झालं. रीतीचं लिहून झालं, आता मुद्द्याचं लिहिते.

काल प्रतिक्रमण करून उठले आणि मोबाईल पाहिला. तुमचा मेसेज. 'कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल, तर मन-वचन-कायेने क्षमा मागतो. मिच्छामि दुक्कडम्. तरुण, सचिव, युवक मंडळ.' चारशे जणांच्या यादीत मीही एक. लग्नाच्या बायकोची क्षमा सचिव म्हणून मागता? अकरा दिवस झाले मला माहेरी येऊन. त्यात हा एक मेसेज.

आणि मजकूर कोणाचा? तीन वर्षांपूर्वी पोळ्या लाटता लाटता मीच सांगितला होता, तुम्ही टाइप केलात. माझंच मला पाठवलंत. मी हसले, मग रडले, मग फार चिडले.

सेवेचं मला वावडं नाही. लग्नाआधी मीही दर रविवारी पांजरापोळात गुरांना चारा घालायला जायची. मंडळाच्या शिबिरात डोळ्याची पट्टी निघाल्यावर म्हाताऱ्या तुमच्या तोंडावरून हात फिरवतात, तेव्हा मलाही भरून येतं. कंपनीत विभागप्रमुख व्हायचंय, तेही व्हा की. पण सहा दिवस कंपनी, सातवा मंडळ, आणि आम्ही दोघी उरलेल्या वेळात. तो उरतच नाही. "जरा समजून घे ना, रूपल." सात वर्षं दुसरं काय करतेय मी?

आता वीस जूनबद्दल. जळगावच्या कॉलेजात माझी अकराला मुलाखत होती. प्रियलला ताप, घरात तिसरं कोणी नाही. तुम्ही थांबणार होतात. सकाळी चोपड्याहून शिबिराचा फोन आला आणि "दहापर्यंत येतोच" म्हणून गेलात. मी साडी नेसून, फाईल घेऊन एक वाजेपर्यंत बसले होते. तुमचा फोन बंद.

संध्याकाळी गळ्यात हार घालून आलात. "कशी झाली?" विचारलंत. मी म्हटलं, पुढे ढकलली. "बरं झालं, आजची दगदग वाचली," म्हणालात आणि जेवायला बसलात.

ढकलली नव्हती. त्या जागेवर जुलैपासून दुसरी बाई शिकवतेय. खरं सांगितलं असतं तर तुम्ही लगेच माफी मागितली असती, आणि मला ती द्यावी लागली असती. मला द्यायची नव्हती. म्हणून खोटं बोलले आणि दोन महिने पोटात ठेवलं. त्या खोट्याबद्दल मिच्छामि दुक्कडम्. माझ्या रागाबद्दल मात्र नाही.

सोमवारी इथल्या कॉलेजात साडेदहाला मुलाखत आहे. कायमची जागा. मिळाली तर प्रियलचं नाव धुळ्यातच शाळेत घालेन. मम्मी-पप्पांना सांगून झालंय.

सोमवारी मंडळाचं रक्तदान शिबिर आहे आणि तुमच्या कंपनीत साहेब येणार आहेत, दोन्ही मला ठाऊक आहे. मम्मी म्हणते, प्रियलला मी सांभाळते. मी तिला नको म्हटलंय. तुम्ही नऊ वाजता या आणि आपल्या पोरीजवळ बसा. बोलू नका काही.

नाही आलात तर तिला कडेवर घेऊन मुलाखतीला जाईन. पोरीचे वडील कुठे असतात, असं तिथे कोणी विचारलं तर खरं तेच सांगेन.

राग येतोय तोवर तुमचीच,
रूपल