ताटलीखालचं नाव

प्रिय बाईसाहेब,

तुझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, पट्टी निघाली की एकदम माझ्याकडे बघू नका, आधी जरा बऱ्या चेहऱ्यांची सवय होऊ द्या. इकडे तुझं ऑफिस जागच्या जागी आहे. जाताना तू बजावलं होतंस, की बाबा, फोन घ्या, येतील त्यांना बसवा आणि कशात हात घालू नका. पैकी पहिल्या दोन गोष्टी मी अगदी चोख केल्या.

खरं सांगू का? मी किल्ली मागून घेतली ती काही तुझ्या मदतीसाठी नाही. मला राहवत नव्हतं. मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की कलाकारांना मदत करते म्हणायचं आणि विषय बदलायचा, असं गेली चार वर्षं चाललंय. पण मदत म्हणजे नक्की काय? चित्र ते काढतात, भांडी ते घडवतात, मग मधल्या मध्ये तू काय करतेस? जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाला हे कोडंच होतं. म्हणून पहिल्याच दिवशी तुझे सगळे खण उघडून पाहिले. रागावू नकोस. एकात करार, दुसऱ्यात प्रत्येक कलाकाराची एकेक वही, तिसऱ्यात बिस्किटं. बिस्किटं संपली आहेत.

वह्या मात्र मी जेवण विसरून वाचल्या. या माणसाला काय येतं हे पहिल्या पानावर, आणि काय मागायला हा घाबरतो हे दुसऱ्या पानावर. हे दुसरं पान तुला कसं सुचलं गं? मग जो येईल त्याला मी खोदून खोदून विचारत सुटलो. पुस्तकांची चित्रं काढणारी ती उंच मुलगी म्हणाली, की अर्धे पैसे आधी लागतील हे वाक्य तू तिला आरशासमोर म्हणायला लावलंस, अगदी तिचं हसू थांबेपर्यंत. लाकडी खेळणीवाल्याने सांगितलं, की पूर्वी सासरे त्याची ओळख करून द्यायचंच टाळायचे, आता त्याचं कार्ड स्वतःच्या खिशात घेऊन फिरतात. हे सांगताना त्याने दोनदा नाक पुसलं. सर्दी झालीय म्हणाला.

आणि भिंतीवरचा तो तुझा कागद: मागणी सांगून झाली की गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत. वाचून मला हसू आलं होतं. एवढं काय अवघड आहे त्यात, म्हटलं.

गुरुवारी ती मातीची भांडी करणारी आली आणि तिच्या पाठोपाठ ते हॉटेलवाले गृहस्थ. दोनशे ताटल्यांची भाव-तारीख तू ठरवूनच गेली होतीस. एकच गोष्ट अडली होती. ताटलीच्या तळाशी तिच्या नावाचा नखाएवढा शिक्का असतो, तो त्यांना नको होता. पोरीने तू शिकवल्याप्रमाणे शांतपणे सांगितलं, की नाव राहील, आणि तोंड मिटलं. झालं, खोलीत सगळं चिडीचूप. ते ताटलीकडे बघताहेत, ती त्यांच्याकडे, आणि घाम मला फुटलेला. फार तर सहा आकडे मोजून झाले असतील. मला तेवढंही सोसवलं नाही. मी बोलून गेलो, अहो, नावाचं काय एवढं, ताटली उलटी करून कोण बघतंय! गृहस्थ हसले, उठले आणि हात मिळवला. तोही माझ्याशी.

ती मुकाट्याने ताटल्या कागदात गुंडाळत होती. रागावलीस का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, असू द्या काका, सवय आहे. ती नुसती चिडली असती तरी बरं झालं असतं. कारण आदल्याच दिवशी ती नमुने ठेवायला आली आणि माझ्या हातात ताटली दिली, तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल? कोणी केली म्हणून उलटी करून पाहिली.

शुक्रवारी सकाळी तिला फोन करून विचारलं, की मी जाऊन माझे शब्द मागे घेऊ का, सगळंच काम हातचं जाईल कदाचित. सगळंच? तिने विचारलं. मग म्हणाली, घ्या. इस्त्रीचा शर्ट घालून हॉटेलात गेलो. सांगितलं, की कालच्या बोलण्याचा मला अधिकार नव्हता, नाव राहील, नाहीतर ताटल्या येणार नाहीत. आणि गप्प बसलो. तोंड बंद राहावं म्हणून त्यांच्या मागची पाटी वाचत बसलो. अक्षरांमधलं अंतर इतकं वाईट होतं, पण तेही बोललो नाही बघ! शेवटी ते म्हणाले, शंभर पाठवा, नावासकट, गिऱ्हाईक काय म्हणतं ते पाहू. निम्मं काम माझ्यामुळे गेलं. ते तिलाही तसंच सांगितलं. त्याबद्दल तू आल्यावर काय बोलायचं ते बोल.

पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. तोंडावर सांगायला जमणार नाही म्हणून लिहितोय. तू तिसरीत होतीस. शिडी धरून उभी होतीस आणि विचारलंस, बाबा, या पाटीवर तुमचं नाव कुठे आहे? मी म्हटलं, चांगली माणसं स्वतःचं नाव मिरवत नाहीत, गप्प बस. ते खोटं होतं. तुझ्या जन्माआधी एका कापडदुकानाच्या पाटीच्या कोपऱ्यात मी बोटभर अक्षरांत नाव लिहिलं होतं. मालकाने मला पुन्हा शिडीवर चढवलं आणि भर रस्त्यात, लोक बघत असताना, रॉकेलच्या बोळ्याने ते पुसायला लावलं. खाली उतरून मीही त्यांच्याबरोबर हसलो. पुढे कोणाला सांगावंच लागलं नाही, मीच आधी म्हणायचो, नाव नको. त्याला मी नम्रपणा म्हणत आलो, तुझ्या आईजवळसुद्धा. तो नम्रपणा नव्हता गं, भीती होती. गुरुवारी तीच माझ्या तोंडून बोलली आणि दुसऱ्याच्या लेकीचं नाव पुसायला निघाली. तू विचारलंस तेव्हा मी तुला गप्प केलं, म्हणून उत्तर आता देतो. नाव होतं बाळा. माझ्याच हाताने मी ते पुसलं.

तुझाच,
आठ दिवसांचा बदली कारकून,
बाबा