मागचा कॉलम

११ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. गुडघे सोडले तर आई ठणठणीत आहे, आणि राग सोडला तर बाबा ठणठणीत आहेत. तू कसा आहेस हे फोनवर विचारलं की "बरा आहे, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. म्हणून हे पत्र. कागद मध्येच बंद पडत नाही, आणि तू बाजूला सारलास तरी तिथेच बसून राहतो.

आधी बातमी. तुझी भिंगरी आता ठेकेदारीणबाई झाली. हे नाव बाबांनी ठेवलंय, आणि कौतुकाने नाही. माझ्या हाताखाली गवंडी आहेत, बिगारी आहेत, आणि त्या गवंड्यांतले एक आपले बाबा आहेत. हो, बाबा माझ्याकडे रोजच्या हजेरीच्या पैशांवर काम करतात. पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाजारात गवंड्याची हजेरी वाढलीय, तुझ्या कानावर असेलच." मी म्हटलं, "बाबा, मी तुमची मुलगी आहे." तर म्हणतात, "म्हणून तर सांगतोय. दुसरं कुणी असतं तर न सांगता काम सोडून गेलो असतो."

हे वाक्य बोलून ते लगेच पाठ फिरवून विटा रचायला लागले. का ते तुला कळेल. हजेरी मी वाढवली. संध्याकाळी आईला म्हणाले, "पोरगी पैशाला चिकट आहे, पण धंदा कळतो तिला." आईने मला हे तीनदा सांगितलं, मीही तीनदा नव्याने ऐकलं.

भावांचं तर विचारूच नकोस. तू होतास तेव्हा तीन गोण्या सिमेंट ज्या पैशात यायचं त्यात आता दोन येतात, आणि त्या देतानाही दुकानदार उपकार केल्यासारखं तोंड करतो. वाळू मिळत नाही, म्हणून दगडाची कच वापरतो. बाबा तिला अजून भुकटी म्हणतात आणि गिलावा करताना नाक मुरडतात. विटा वाढल्या, खडी वाढली, खडी आणणाऱ्या ट्रकचं भाडं वाढलं. हे सगळं वाढून झालं की शेवटी कधीतरी बिगारी बायकांची हजेरी वाढते. ती मी कुणी मागायच्या आधी वाढवली, कारण घमेली मीही उचलली आहेत.

लोखंडाचा भाव सकाळी एक असतो, दुपारी दुसरा. म्हणून मी ठोक रकमेत काम घेतच नाही. करारात स्पष्ट लिहून घेते की लोखंड ज्या दिवशी येईल त्या दिवसाच्या भावाने, वाढला तरी मालकाचा, उतरला तरी मालकाचा. हे शहाणपण मला कुणी शिकवलं नाही, दादा. तुझं जे झालं ते बघून आलं.

इतका वेळ सिमेंट आणि वाळू करत बसले ते भाव सांगायला नव्हे. मी एका घराचा वरचा मजला बांधायला घेतलाय. घर शाळेतल्या बाईंचं आहे. हो, तेच घर. पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

तू काम टाकून गेलास तेव्हा गच्चीवर कॉलमच्या सळया जशा उभ्या होत्या तशाच अजून आहेत. बाईंनी प्रत्येक सळईवर रिकामा डबा पालथा घातलाय, पाणी मुरू नये म्हणून. दोन सळयांना दोरी बांधून त्यावर कपडे वाळत घालतात. बाई आता निवृत्त झाल्या. वरचा मजला भाड्याने देऊन पेन्शनला जोड द्यायची एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यांनी बऱ्याच ठेकेदारांना विचारलं. कुणी कानावर हात ठेवले, कुणी असा भाव सांगितला की बाईंनी पुन्हा विचारू नये. सगळ्यांचं म्हणणं एकच, खालच्या कॉलममध्ये काय भरलंय कोण जाणे.

लोक काय बोलतात ते तुला माहीत आहे. लोखंडाचा भाव चढला तशा तू जाड सळया विकून खाल्ल्यास, आत पातळ घातल्यास, आणि गच्चीवर दिसतात ते नुसते दाखवायला खोचलेले जाड तुकडे आहेत. आणि बाबांनी चहाच्या टपरीवर, सगळ्या गवंड्यांसमोर तुझ्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "आयुष्यात माझी एकच भिंत ओळंब्याबाहेर गेली, ती ही." तू हातातला कप खाली ठेवलास आणि निघून गेलास. एक शब्द बोलला नाहीस. तेच मला अजून उमगत नाही.

आता इंजिनिअर साहेबांचं म्हणणं असं की खालचे एकदोन कॉलम वरवर फोडून आतलं लोखंड बघू. पूर्ण निघालं तर वरच्या सळया घासून, नवीन जोडून काम सुरू. पातळ निघालं तर प्रत्येक कॉलमला बाहेरून जाडी द्यावी लागेल, तीही आजच्या भावाच्या लोखंडाने. मग बाईंचे सगळे पैसे खालीच संपतील आणि वरचा मजला कायमचा राहिला. आणि तुझ्याबद्दल लोक बोलतात ते खरं ठरेल, ते वेगळंच.

सोमवारी कॉलम उघडायचे. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "त्या घरात माझं काम नाही," आणि माझ्याच दुसऱ्या कामावर कंपाउंडची भिंत बांधायला निघून गेले. चांगलं निघालं तरी लिहीन, वाईट निघालं तरी लिहीन. तुला त्याआधी काही सांगायचं असेल तर फोन कर.

अजून तरी धीट असलेली,
तुझी भिंगरी

२० जानेवारी

दादा,

तू फोन केला नाहीस. असू दे. आधी निकाल सांगते, कारण तू पत्रं उभ्या उभ्या वाचतोस. लोखंड पूर्ण आहे. नकाशात होतं तेवढं आहे, वर थोडं जास्तच आहे. आता बस आणि बाकीचं वाच.

सोमवारी सकाळी छन्नी-हातोडा घेऊन माणूस उभा, इंजिनिअर साहेब कागद घेऊन उभे, बाई दाराशी उभ्या. तेवढ्यात फाटक वाजलं आणि बाबा आत आले. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले, "तिकडे विटा संपल्या." विटा संपल्या नव्हत्या, शनिवारीच मी ट्रक उतरवून घेतला होता.

साहेबांनी पोर्चमधल्या कॉलमकडे बोट केलं. बाबा म्हणाले, "पुढचा कॉलम चोरसुद्धा चांगला भरतो. उघडायचा तर मागचा उघडा, मोरीशेजारचा. तिथे कुणी बघत नाही." सगळी वरात मागे गेली. बाबांनी त्या माणसाच्या हातून छन्नी काढून घेतली, "तू कॉलमला जखमी करशील, बाजूला हो," म्हणाले आणि स्वतः सुरू झाले. हळूहळू, पापुद्रा काढावा तसं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

सळई दिसली. साहेबांनी मोजली, कागद पाहिला, पुन्हा मोजली आणि मान डोलावली. बाबांनी कागद पाहिला नाही. सळयांना कवळणाऱ्या आडव्या रिंगाही उघड्या केल्या आणि दोन रिंगांच्या मध्ये पंजा पसरून घातला. पंजा बसला नाही. मग बोटं जुळवून घातली, तेव्हा बसली, इतक्या त्या जवळ होत्या. साहेब म्हणाले, "झालं, एवढं पुरे." बाबा म्हणाले, "मला पुरे नाही." स्वयंपाकघरातला कॉलम उघडला, त्यासाठी बाईंनी स्वतः शेगडी सरकवली. मग पोर्चमधला. सगळीकडे तीच सळई, तशाच जवळ जवळ रिंगा.

मग बाबा सिमेंटच्या गोणीवर बसले आणि चष्मा पुसत राहिले. धूळ गेली म्हणाले. चष्मा चढवून बोलले ते एवढंच, "गाढवाने रिंगा उगाच इतक्या जवळ घातल्या. एवढ्या महागाच्या लोखंडात."

दादा, मला तुझा अभिमान वाटला. इतका की मी मोरीत जाऊन तोंड धुवून आले. लोखंड रोज चढत होतं, काम ठोक रकमेत अडकलेलं होतं, सळई एका मापाने बारीक घातली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आपल्या बापालाही नाही. आणि तू पूर्ण लोखंड घालून बुडालास.

अजून एक. तुझ्या वेळची ती म्हातारी बिगारी, जिला आपण सगळे मावशी म्हणतो, ती आता माझ्याकडे आहे. ती घमेलं खाली ठेवून म्हणाली, "आमची हजेरी त्याने एक दिवस चुकवली नाही. शेवटी मोटरसायकल विकून दिली." आम्हाला वाटत होतं तू मोटरसायकलवरून पळून गेलास. मी म्हटलं, "मावशी, हे इतकी वर्षं सांगितलं का नाही?" ती म्हणाली, "मला कुणी विचारलं?"

आता गंमत ऐक. स्वयंपाकघरातला आणि पोर्चमधला कॉलम दुसऱ्याच दिवशी भरून झाला. मागचा बाबा भरू देत नाहीत. रोज संध्याकाळी काम सुटलं की टपरीवर जातात आणि एखाद्या जुन्या गवंड्याला धरून आणतात. बाईंच्या घरातून थेट मागे नेतात, कॉलमपुढे उभं करतात आणि "बघ" म्हणतात. बाकी काही नाही. तो गवंडी बघतो, पंजा घालून पाहतो, पंजा बसत नाही, मग बाबा त्याला परत सोडायला जातात. बाई म्हणतात माझ्या मोरीला एवढे पाहुणे कधी आले नव्हते. काल तर लोखंडाच्या दुकानदाराला घेऊन आले होते. त्याने बिचाऱ्याने तुझं नाव घेऊन हात जोडले, भाव मात्र एक पैसा कमी केला नाही.

वरचं काम जोरात सुरू झालंय. उत्तर लिही, मोठं लिही.

तुझीच,
भिंगरी

९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. "काम चांगलं चालल्याचं वाचून आनंद झाला. सर्वांनी तब्येतीची काळजी घ्यावी." मी पान उलटून पाहिलं, मागे कोरं. असं पत्र वीज कंपनी पाठवते, भाऊ नाही.

बाबांनी ते मागून घेतलं, वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. जेवले मात्र कमी.

आता इकडची अवस्था सांगते. वरचे कॉलम उभे राहिले. सेंटरिंगच्या फळ्या ठोकून झाल्या, वर लोखंड पसरून बांधून झालं. स्लॅब टाकायचा तेवढा बाकी आहे. आणि टाकता येत नाही. इंजिनिअर साहेब म्हणतात, मागचा कॉलम बंद केल्याशिवाय वर स्लॅबचं वजन टाकू देणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. बाबा म्हणतात, "ज्याने बांधला त्यानेच बंद करायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." मी समजावलं, आईने समजावलं, साहेबांनी तर हात टेकले. तिकडे सेंटरिंगचं भाडं रोज चढतंय, माणसं बसून हजेरी घेतायत, आणि दुकानदाराने निरोप धाडलाय की पुढच्या आठवड्यात सिमेंट वाढणार. मी बाबांना हे सगळं ऐकवलं. ज्या माणसाने पोटच्या मुलीकडून हजेरी वाढवून घेतली तो म्हणाला, "माझी हजेरी कापून घे."

हा खर्च मी बाईंच्या माथी मारणार नाही, तो आपल्या घराचा आहे. बाई मात्र म्हणाल्या, "इतकी वर्षं डबे घालून वाट पाहिली, अजून चार दिवस काय होतंय."

तू का बोलला नाहीस हे मी आता विचारत नाही. मला वाटतं कळलं. काम अर्धवट राहिलं एवढं खरं होतं, म्हणून त्याला चिकटलेलं खोटंही तू मुकाट्याने ऐकून घेतलंस. तू असाच आहेस. पण अर्धवट राहिलेलं काम आता पुरं होतंय, आणि त्यात भरायला एक हातभर खड्डा तेवढा उरलाय. तो तुझा आहे. ठेकेदार म्हणून असला वेडेपणा मी एक दिवस चालू देणार नाही. बहीण म्हणून बुधवारपर्यंत चालू देते. गुरुवारी स्लॅब.

आईने तुझी खोली झाडून ठेवली. मी काही केलेलं नाही, मला वेळ नाही. फक्त गुरुवारच्या माणसांत एक माणूस जास्त धरलाय. हजेरी बाजारभावाने मिळेल, एक पैसा जास्त मागू नकोस.

बाबांना म्हटलं, निदान या पत्रावर सही तरी करा. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि पत्र घेऊन ओसरीवर जाऊन बसले. एवढ्याशा मजकुराला त्यांना बराच वेळ लागला. मी वाचलेलं नाही असं लिहिणार होते, पण वाचलंय.

बुधवारी फाटकाकडे कान लावून बसणारी,
तुझी भिंगरी

रिंगा बरोबर घातल्यास. तुझी थापी घासून ठेवली आहे. ये.
बाबा