सलमान पाकचा दगड

चौसाळा,
ता. १३ सप्टेंबर १९२७

तीर्थरूप गं. भा. मुक्ताआक्काच्या चरणी धाकटा भाऊ बिभीषण याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नगद नारायणाच्या कृपेने इकडे सगळे खुशाल. बाजरी बरी निसवली आहे, पाखरांनी ठेवली तर घरात येईल.

येत्या बावीस नोव्हेंबरला सलमान पाकच्या लढाईला बारा वर्षे होतील. आपला म्हाळू बगदादच्या अलीकडे पडला तो हा दिवस. पलटणीतून पेन्शनीवर आल्यापासून मी तो दर साली पाळतो, हे तुझ्या कानावर आहेच. अंघोळ करून वर्दी चढवतो (बटणे लागत नाहीत, तुझी भावजय तोंडाला पदर लावून हसते), बिल्ला लावतो, मावळतीकडे तोंड करून सलामी देतो आणि चावडीपुढे पोरासोरांना गूळ-शेंगदाणे वाटून कहाणी सांगतो. तुझ्या लेकाने एकट्याने सात तुर्क कसे लोळवले, हे ऐकताना चौसाळ्याची छाती फुगते. मामाची तर फुगतेच.

यंदा एक तप पूर्ण होते. तुमच्या तलवाड्याच्या वेशीत जुन्या वीरगळांच्या रांगेत म्हाळूचा दगड बसवावा असे मनात आहे. बंकट पाथरवट तयार आहे. पण आईच्या शब्दाशिवाय दगड उभा राहत नाही. तेवढा होकार पाठव.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा
बिभीषण, हवालदार (पेन्शनर)

---

तलवाडा,
भाद्रपद वद्य अष्टमी, शके १८४९

चि. बिभीषण यास मुक्ताबाईचे अ. उ. आशीर्वाद. पत्र लिहिणार शिवलिंगप्पा दुकानदार.

तुझे पत्र पावले. दगड नको.

एक तर माझा लेक त्रिपुरी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी गेला. इकडे आम्ही देवळात त्रिपुर लावत होतो आणि तिकडे तुम्ही चांदण्यात वाट तुडवत होता, हे तूच सांगितलेस. ती तिथी यंदा तुझ्या बावीस तारखेच्या बारा दिवस आधी येते. तारीख तुझ्या साहेबाची, तिथी माझी, आणि तहसिलीत विचारले तर ते निजामाच्या फसली सालातला दय महिना सांगतील. एका पोराला मी किती वेळा मारू?

दुसरे, शाळेचे नवे मास्तर सांगतात की ती लढाई सरकार हरले होते. फौज मागे पळाली आणि पुढे सगळीच्या सगळी कैद झाली. पाटलांनी हे ऐकल्यापासून नाक मुरडले आहे. हरल्याचा दगड वेशीत कोण लावतो, असे विचारतात.

तिसरी गोष्ट माझ्या पोटात आहे. ती आज लिहवत नाही. अंगाला जप. पाय दुखत असेल तर एरंडाचे पान शेकून बांध.

हे आशीर्वाद.
मुक्ताबाई

ता. क. हवालदारसाहेबांस लिहिणाऱ्याचे शरणार्थ. बाई फार तापल्या होत्या. चार शब्द मी आपण होऊन गाळले आहेत. शिवलिंगप्पा.

---

चौसाळा,
ता. २६ सप्टेंबर १९२७

ती. आक्काच्या चरणी बिभीषणचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मास्तरांना माझा रामराम सांग, आणि हेही सांग की लढाई पुस्तकात हरणे सोपे असते. आम्ही रात्रभर चाललो आणि सकाळी सपाट माळावरून, आडोशाला बाभळीचे झुडूपही नसताना, त्यांच्या खंदकांवर गेलो. पहिला खंदक घेतला. आमच्या कंपनीतले निम्मे परत आले नाहीत, पण पाठ कुणी दाखवली नाही. तीन दिवसांनी मागे फिरण्याचा हुकूम झाला तो वरच्यांचा. मी तेव्हा मांडीत गोळी घेऊन दजला नदीच्या बोटीत पडलो होतो, म्हणून कैदेतून वाचलो.

साहेब लोक जिंकलेल्या लढायांचे दिवस बँड लावून पाळतात. खुशाल पाळोत. मी हा पाळतो, कारण यात माझी माणसे आहेत. आपल्या वेशीतल्या जुन्या वीरगळांवरचे वीर तरी कुठे जिंकून घरी गेले होते? घरी गेले असते तर दगड कशाला लागला असता! पाटलांना हे विचारून पाहा.

तिथीचे तू म्हणशील तसे करू. बंकटला मी काम सांगून टाकले आहे, रागावू नकोस. दसऱ्याला तो कापडावर चित्र काढून तुझ्याकडे येईल. बघितल्यावर तुझे मन वळेल अशी खात्री आहे.

शिवलिंगप्पांनी गाळलेले चार शब्द मला अंदाजाने कळले. लहानपणापासून ऐकतो आहे. लोभ आहे तो वाढावा.

तुझा
बिभीषण

---

तलवाडा,
आश्विन शुद्ध एकादशी

चि. बिभीषण यास मुक्ताबाईचे अ. उ. आशीर्वाद.

काल सोने वाटून झाल्यावर बंकट आला. ओट्यावर कापड पसरले. माझा म्हाळू घोड्यावर, हातात तलवार, आणि घोड्याच्या टापांखाली सात माणसे. आयाबाया जमल्या, वाहवा केली. मी आत निघून गेले.

आता पोटातली तिसरी गोष्ट सांगते. तू रजेवर आलास तेव्हा या ओट्यावर बसून मला सात तुर्कांची कहाणी सांगितलीस. तुला वाटले, आईला अभिमान वाटेल. बिभीषणा, त्या दिवसापासून मला माझ्या पोराचा चेहरा नीट आठवत नाही. त्याला आठवू गेले की त्याच्या मागे सात बायका उभ्या दिसतात. त्याही माझ्यासारख्याच दारात बसून असतील. गाव त्याला शूर म्हणते तेव्हा मी मान हलवते आणि कामाला लागते. बारा वर्षांत मी त्याचे नाव चारचौघीत घेतलेले नाही. हा दगड रोज पाणी आणताना मला कसा बघवेल?

पुढचे मी सांगते तसेच लिही, असे शिवलिंगप्पाला बजावले आहे: आरं, माझ्या म्हाळूला मुंगी मारायला सांगितली तर हात थरथरायचा. त्यो असा काहून झाला? लढाईनं केला का तुमी केला? मला खरं काय ते सांग.

हे आशीर्वाद.
मुक्ताबाई

ता. क. आज एकही शब्द गाळलेला नाही. शिवलिंगप्पा.

---

चौसाळा,
ता. १२ ऑक्टोबर १९२७

ती. आक्काच्या चरणी बिभीषणचा शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र चार वेळा वाचले. आता खोटे लिहिण्याची हिंमत उरली नाही.

सात तुर्क मी रचले. म्हाळूने गोळ्या झाडल्या, मीही झाडल्या. कुणाला लागल्या ते देवाला ठाऊक. पण तो पडला तो तसा नाही. दुपारी मला मांडीत गोळी लागली आणि तीच माझी पाण्याची बाटली फोडून गेली. मी उघड्यावर पडलो. म्हाळू खंदकात होता, सुखरूप होता. मी त्याला हाक मारली. आक्का, हवालदार होतो, मामा होतो, त्याला तिथेच थांब म्हणायला हवे होते. मी पाणी मागितले.

तो सरपटत निघाला. मेलेल्यांच्या बाटल्या हलवून बघत, ज्यात पाणी होते त्या गळ्यात अडकवून माझ्यापर्यंत आला. माझ्या शेजारी एक तुर्क पोट धरून पडला होता. म्हाळूने आधी त्याला दोन घोट पाजले. मी चिडून शिवी दिली. तर म्हणाला, मामा, त्यो आधी मरंल, तुमी दम धरा. मग मला पोटभर पाजले. मागे आणखी कुणी पाणी मागत होता. म्हाळू तिकडे वळला आणि तेवढ्यात त्याला गोळी लागली. लगेच गेला, त्रास झाला नाही. हे मात्र खरे आहे, तुझी शपथ.

बोटीत मी विचार केला, पाणी देताना गेला म्हटले तर लोक म्हणतील हा भिस्ती होता. आणि तू विचारशील, कुणासाठी गेला होता? त्याचे उत्तर द्यायला मी भ्यालो. म्हणून घोडा आणला, तलवार आणली, सात माणसे मारली. दगडाचे काम थांबवतो. तू शिव्या दे, दार बंद कर, मला ते मान्य आहे. तुझ्या मायेवर हक्क सांगण्याजोगा मी राहिलो नाही.

अपराधी
बिभीषण

---

तलवाडा,
आश्विन वद्य एकादशी

चि. बिभीषण यास मुक्ताबाईचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शिवलिंगप्पाने दोनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा त्याला वाचवेना, म्हणून मीच कागद हातात घेऊन बसले. अक्षर येत नाही तरी बसले.

आधी शिव्या घे. मूर्खा, बारा वर्षे माझा पोर माझ्यापासून लपवून ठेवलास. लाज वाटावी असे तुला यात काय दिसले? सात मेलेली माणसे मला आणून दिलीस आणि पाणी प्यालेली दोन जिवंत माणसे लपवलीस. तू लष्करात हवालदार कसा झालास, मला कळत नाही.

काल मी विहिरीवर सगळ्या बायकांना थांबवून सांगितले की माझा म्हाळू कसा गेला. तुर्काला आधी पाजले, हेही सांगितले. पाटलीणबाई ऐकत होत्या. संध्याकाळी पाटील स्वतः ओट्यावर आले आणि वेशीतली जागा दाखवायला मला घेऊन गेले. जुन्या दगडांच्या उजव्या हाताला, सावलीत आहे. मी डोक्यावर पदर घेऊन गावातून ताठ चालत गेले. सगळ्यांनी बघावे असेच मला वाटत होते.

तेव्हा दगड बसवायचा. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मी नारळ फोडीन, तुझ्या बावीस तारखेला तू वर्दी घालून सलामी दे. आई आणि पलटण, दोघींचा तो होता. बंकटला सांग, घोडा नको, तलवार नको. मधे म्हाळू काढ, गुडघ्यावर बसलेला, गळ्यात बाटल्या. एका हाताला तुर्क, एका हाताला तू. तुर्काचे नाव आपल्याला ठाऊक नाही, तुझे मात्र खाली ठळक कोरायचे. लाजलास तरी कोरायचे.

शेवटचे माझ्या तोंडचे आहे, तसेच लिहिले आहे: तू पाणी मागितलंस म्हणून झुरत बसू नगंस. तहानेल्यानं मागायचं न्हाई तर कुणी मागायचं? सरकार हरलं आसंल. माझा म्हाळू तुला वाचवायला गेलता, आन् तू जित्ता हाईस. त्यो जिंकला.

दगड उभा राहीपर्यंत आणि त्यानंतरही, बहिणीची आठवण ठेव.

तुझी आक्का
मुक्ताबाई, म्हाळूची आई