रायफलीच्या घोड्याचा जोड

बा, तुला मी कधी काही लिहिलेलं नाही. तू होतास तोवर मला अक्षर येत नव्हतं आणि तुलाही येत नव्हतं. मला आलं ते पुढे, तू गेल्यावर कर्जतला भावाकडे राहायला आले तेव्हा. त्याच्या पोरांच्या फुटक्या पाट्या आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद, एवढ्यावर एकेक अक्षर जमवलं, तू राखेतून खिळे वेचायचास तसं. आता दात गेले, गुडघे कुरकुरतात, आणि या वयात बापाला पत्र लिहायला बसले आहे. मघाशी भावाची सून विचारून गेली, "आत्याबाई, कुनाला लिवताय एवढं?" म्हटलं, "अक्षर घोटतेय गं, नायतर हातातून जातं." ती हसली आणि तांदूळ पाखडायला गेली. तिला तुझ्याबद्दल एवढंच ठाऊक आहे, की सासऱ्याचे वडील खालापूरचे लोहार होते आणि म्हातारपणी जोडकाम करत नव्हते. का करत नव्हते ते तिला कुणी सांगितलेलं नाही. ते जिला ठाऊक आहे अशी आता मी एकटीच उरले.

तुझी एक रीत होती. वस्तू घडवली, ठोकून टोकाला आणली, पाणी देऊन कडक केली, तरी ती लगेच मालकाच्या हातात द्यायची नाही. विळा असला तर आधी तू मागच्या बांधावर जाऊन चार मुठी गवत कापायचास. कुऱ्हाड असली तर भट्टीशेजारच्या चिंचेच्या ओंडक्यावर घाव घालून बघायचास. नांगराचा फाळसुद्धा तू दुसऱ्याच्या शेतात जाऊन एक सरी ओढून बघितलेला मला आठवतो. लोक चिडायचे. "आमाला घाई हाय, तुज्या बांधाचं गवत नंतर काप," म्हणायचे. तू कापतच राहायचास. हाताला पटलं की वस्तू पुढे करून "ने" म्हणायचास. एवढाच शब्द. तुझ्या "ने" वर लोक निर्धास्त होते.

माझं लग्न तू आपल्याच जातीत, पण भट्टीबाहेरच्या माणसाशी लावलंस. तुझे जावई खालापूरच्या कचेरीत खजिन्यावर पहाऱ्याला शिपाई होते. लोहाराचंच पोर, पण हातोडा सोडून सरकारी पट्टा बांधलेलं. कचेरीमागे आम्हाला एक खोली होती. कौलं नीट होती, धूर वर निघून जायचा, आणि त्या चुलीवर माझ्याखेरीज कुणाचा हक्क नव्हता. सासरी मी चार जावांत पाचवी. मला ती खोली सोडायची नव्हती. पुढचं सगळं त्या खोलीपायी झालं, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून फिरवायला नको.

खंडेनवमीला कचेरीतल्या शिपायांनी रायफली भिंतीशी ओळीनं मांडल्या. हळदकुंकू, झेंडूच्या माळा. माळ नीट अडकावी म्हणून कुणीतरी ह्यांच्या रायफलीचा घोडा मागे ओढून ठेवलेला. घोडा म्हणजे चाप दाबल्यावर काडतुसाच्या बुडावर आपटतो तो वाकडा तुकडा, हे मला तेव्हा कळलं. नारळ फोडायचा मान ह्यांना दिला. बाकीच्यांच्या घरी नारळ दगडावर फोडतात. आपल्याकडे ऐरणीवरच फोडायचा, पहिलं पाणी तिच्या अंगावर पडायला हवं. ह्यांचा हात लहानपणापासून तसाच वळलेला. समोर पोलाद दिसलं, ह्यांनी नारळ उचलला आणि थेट रायफलीवर मारला. नारळ फुटला. घोडा मानेपाशी तडकला आणि वरचं डोकं लोंबायला लागलं.

शिपायांवरचे जमादार कपाळाला हात लावून बसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आता कागदावर काय लिवू रं? नारळानं मोडला? साहेब इचारंल, नारळ कुनाच्या पलटनीतला?" शिपाई हसले, हे हसले नाहीत. जमादारांनी दोन वाटा सांगितल्या. मोडका घोडा कागद जोडून ठाण्याच्या मोठ्या कचेरीत परत पाठवायचा, तिथून नवा येईल, पण सरकारी हत्यार मोडलं म्हणून ह्यांचं नाव पटावरून कटेल. नाहीतर दिवाळीनंतर साहेब तपासणीला यायच्या आत तो गुपचूप सांधून आणायचा. "सासरा लोहार हाय ना तुजा? मंग मला इचारतोस कशाला?"

हे परत पाठवणार होते. घरी येऊन मला म्हणाले, "झालं ते झालं, खरं सांगून टाकतो. गेली नोकरी तर हातोडा धरीन." दोन दिवसांनी मी त्यांना घेऊन तुझ्याकडे आले. दसरा उलटून गेलेला, माहेरवाशीण घरी आली म्हणून तू खुशीत होतास. फडक्यातला घोडा तू तळहातावर घेतलास, मोडीच्या तोंडावरून अंगठा फिरवलास आणि लगेच फडक्यात गुंडाळलास.

"परत करा, जावईबापू."

"सांधत नाय का?" मी विचारलं.

"सांधतो. तापवला की ह्याचं पानी उतरतं. मऊ पडतो. पानी परत चढवाया गेलं तर जोड तडकतो. मंग काय करू, तूच सांग."

"मंग नवा घडव."

"त्याच्यावर आकडा ठोकलाय बघ सरकारनं. तो कुठनं आनू?"

"बा," मी म्हटलं, "दिवाळीला मला लुगडं नको, बांगड्या नको. एवढं कर."

हे मध्येच म्हणाले, "राहू दे गं, बा बरोबर बोलतायत." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. तू माझ्याकडे बघत होतास. अजून ते बघणं मला दिसतं. रागाचं नव्हतं. एखाद्या वस्तूत कुठे भेग आहे का ते बघायचास, तसं होतं.

दोन दिवस घोडा ऐरणीशेजारी पडून राहिला. तू बाकीची कामं करत होतास आणि मध्ये मध्ये त्याच्यावरचं फडकं नुसतं सरळ करत होतास. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणालास, "भाता धर." मी पदर खोचून बसले. तू मोडीची दोन्ही तोंडं कानशीनं उजळलीस, चिमट्यात जुळवलीस, पितळ धरावं म्हणून टाकणखार भुरभुरलास आणि पितळेची तार लावलीस. मी भाता ओढते आहे, तू डोळे बारीक करून रंग बघतो आहेस, "हळू, हळू गं, आता जरा दे," म्हणतो आहेस. मग पितळ एकदम पाण्यासारखं पसरतं आणि भेगेत उतरतं. तू श्वास सोडतोस. घोडा निवला तेव्हा त्याच्या मानेवर केसाएवढी पिवळी रेघ होती. काजळी आणि तेल चोळून तू ती झाकलीस.

मग तू अडलास. हे हत्यार बघायचं कसं? काडतूस सरकारचं, मोजून मिळणारं. ह्यांनी कचेरीतून रायफल आणली, घोडा तिला बसवल्यावर चामड्याचा तुकडा मध्ये धरून तू तो ओढायचास आणि सोडायचास, ओढायचास आणि सोडायचास. सूर्य कलला तरी चालूच. ताटं वाढली तर म्हणालास, "जेवा तुमी." शेवटी रायफल ह्यांच्या हातात दिलीस. "ने" म्हणाला नाहीस. म्हणालास, "तपासनी झाली की बदलून घ्या. माजं बघून झालेलं नाय हे. जनावरासमोर भरवशाला धरू नका." ह्यांनी हो म्हटलं. तपासणी पार पडली. ह्यांनी दोनदा जमादारांपाशी बदलायचं काढलं, जमादार म्हणाले, "दम धर, साहेबाची पाठ तर वळू दे." आमची खोली राहिली. दिवाळीत मी तुला चकल्या पाठवल्या होत्या.

फाल्गुनात ठाकुरवाडीच्या वरच्या अंगाला बिबळ्या माणसांवर यायला लागला. दोन शिपाई पाठवले, त्यात हे. जाताना ओटीवर बसून चहा प्यायले, चहा गोड झालाय म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी घोंगडीच्या झोळीत आणले. रानातल्या चौघांनी उचलून आणलं होतं, त्यांचे पाय धुळीनं पांढरे. पंचनामा लिहिणं चाललं होतं म्हणून झोळी कचेरीच्या ओटीवर ठेवली, शेजारी रायफल. बायका मला धरायला आल्या. मी म्हटलं, कशाला धरता, मी उभी आहे. मला खरोखरच काही होत नव्हतं. आतून कुणी भाता ओढायचा थांबवावा आणि निखारा नुसता राखाडी पडत जावा, तसं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले ती कायमची. खोली रिकामी करायला भाऊ गेला होता. तू माझ्याशी बोलत नव्हतास. लोकांना सांध्याचं ठाऊक नव्हतं, शिपाई समजत होते जमादारांनी कुठूनतरी नवा घोडा मिळवला. ते ठाऊक होतं तुला, मला आणि जमादारांना, आणि जमादारांची महिन्याभरात पनवेलला बदली झाली. तेरावं झालं. त्यानंतरच्या सकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. तू भट्टीतून आलास, खांबाला धरून उभा राहिलास. मग विचारलंस,

"जोड सुटला का गं?"

मी तांदळातला खडा उचलला आणि बाजूला टाकला. आणखी एक सापडला, तोही टाकला. तू थांबलास. मग "बरं" म्हणालास आणि आत गेलास.

त्या दिवसापासून तू जोडकाम सोडलंस. लोक तुटलेलं काही घेऊन आले की "कर्जतला न्या, तिथं चांगला मानूस हाय" म्हणायचास. फक्त विळ्यांना दात पाडायचे, कुऱ्हाडींना धार लावायची, एवढंच. वस्तू बघायची रीतही गेली. तयार झालं की जमिनीवर ठेवायचास, ज्याचं त्यानं उचलून न्यायचं. मी रोज भाता ओढत होते. तू आणि मी, मध्ये भट्टी. तुझ्या चेहऱ्यावर जाळ पडायचा आणि मला तुझी मान दिसायची, वाळलेली, खाली गेलेली. गावातल्या बायका म्हणायच्या, जावई गेला आणि म्हातारा खचला, पोरगी मात्र घट्ट आहे. सहा वर्षं अशी गेली. मग तू गेलास. तेव्हाही मला रडू आलं नाही.

आता ते लिहिते.

कचेरीच्या ओटीवर झोळी होती त्या दुपारी पंचनाम्यावर सह्या-अंगठे करायला सगळे आत गेले होते, बायका पाणी तापवायला. मी आणि जमादार, दोघंच बाहेर. जमादारांनी रायफल उघडली आणि काडतूस काढून माझ्यासमोर धरलं. त्याच्या बुडावर घोड्याची खूण स्पष्ट उमटलेली. ते म्हणाले, "आपटलाय बरोबर. बारच पेटला नाय. ओलं काडतूस, पोरी. सुटला आसता तर..." मी पुढे होऊन घोड्यावर अंगठा ठेवला. तेल पुसलं गेलं होतं, पिवळी रेघ दिसत होती. मी घोडा मागे ओढला. बसला. हळूच सोडला. परत ओढला. तू शिकवल्यासारखं मोडीच्या अंगानं नख फिरवून बघितलं. कुठे लागलं नाही. जमादार म्हणाले, "हे कुनापाशी बोलू नको, माजी बी नोकरी हाय." मी मान हलवली. त्यांनी मला कुणाला सांगू नको म्हटलं होतं, तुला सांगू नको असं कुठे म्हटलं होतं?

जोड शाबूत होता, बा.

तू विचारलंस त्या सकाळी हे माझ्या तोंडात होतं. आधी वाटलं, उद्या सांगू, आज जीभ उचलत नाही. उद्या तुझा चेहरा पडलेला बघितला आणि परवावर टाकलं. महिना गेल्यावर वाटलं, आता सांगितलं तर विचारशील, इतके दिवस का नाही सांगितलंस. वर्ष गेल्यावर तर सांगायला तोंडच राहिलं नाही. लाज वाटत होती, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. तेही खोटं नाही. पण पुरतं खरं नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही, तुझा पत्ता कुठल्या टपालवाल्याला माहीत? घडी घालून पेटीत लुगड्याखाली ठेवीन, माझ्यामागे सून काढील आणि चूल पेटवायला घेईल. म्हणून एवढं लिहिते. माझा नवरा गेला आणि मला काही वाटत नव्हतं. सकाळी उठावं, भाता ओढावा, जेवावं, आणि आत कुठे टाचणीसुद्धा टोचू नये. समोर तू मात्र झिजत होतास. तुझ्याकडे बघितलं की वाटायचं, या घरात कुणीतरी त्यांच्यासाठी झुरतंय. खरं सांगितलं असतं तर तू सुटला असतास, आणि मग ते झुरणं माझ्या एकटीवर आलं असतं. ते मला नको होतं. तू झुरत होतास ते बघून मला बरं वाटायचं, बा.