कपाटाची मूठ

सूनबाई,

माझा चहा टाकू नकोस, मी बाहेर निघालोय.

दाढीवालं गिऱ्हाईक आपल्या भंगारातल्या लष्करी ट्रकचं दार न्यायला येईल. त्याला सांग, दार विकायचं नाही. काल मीच त्याच्यापुढे या दाराचे गोडवे गायले, तेव्हा तो चिडेल. चिडू दे. इंजिन ने, चाकं ने म्हणावं, पण दाराला हात लावायचा नाही.

मला वेड लागलेलं नाही. लिलावातून आणलेल्या त्या ट्रकचं दार काल सोडवायला घेतलं, तर आतल्या बाजूला आपल्या कपाटाची पितळी मूठ! शेवटच्या सुट्टीत तुझ्या नवऱ्याने काढून नेली होती ना, "माझ्या ट्रकच्या दाराचं हँडल तुटलंय, स्टोअरमधून नवं मिळेपर्यंत म्हातारा होईन," म्हणत? तीच. माझ्या कानशीचे ओरखडे आहेत तिच्यावर. तेव्हापासून तू कपाटाला दोरी बांधली आहेस.

त्याचा ट्रक त्याच्यासकट जळून खाक झाला, घरी आणण्यासारखं काही उरलं नाही, असं आपल्याला सांगितलं होतं. मी सगळा ट्रक हाताने चाचपून पाहिला. रंगाला साधा फोडही आलेला नाही.

लिलाववाल्याकडे जातोय. हा ट्रक कुठून आला ते कळल्याशिवाय परतणार नाही.

तुझ्या सासूला सांग, गिअरबॉक्स बघायला गेलेत. एवढंच सांग. तो येईल म्हणून दार उघडं ठेवणं सोडून ती आत्ता कुठे रात्री कडी लावायला लागली आहे.

बाबा