उलटी टोपी

मेडशी, जि. वाशीम
९ सप्टेंबर २०२४

चि. वर्षाराणी हिस मामीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमचा फोन लागत नसेल, म्हणून पत्र. सिमकार्ड मी काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवलं आहे. दिवसभर शिव्या यायच्या. ओळख ना पाळख, कोणी मुंबईचा, कोणी नाशिकचा, तुझ्या मामांना वाट्टेल ते बोलायचा आणि मी उचलला तर विचारायचा की तुम्हालाही घरात बांधून ठेवलंय का. शेजारच्यांच्या फोनवरून तुला बोलायलाही जीव धजत नाही. कोण रेकॉर्ड करील याचा आता नेम नाही. त्यापेक्षा रामधन पोस्टमनच्या हाती कागद दिलेला बरा.

व्हिडिओ तू पाहिलाच असशील. पोळ्याच्या तोरणाखाली उभे राहून मामा झडतीचं गाणं म्हणतात:

बाई गेली बँकीत, भाकर जयली तव्यावर,
सही शिकली बाई अन् घर आलं धुऱ्यावर;
बाईच्या हाती पेन, जसं माकडाच्या हाती कोलीत,
बांधा तिले दाव्यानं, ठेवा कोंडून खोलीत!

एवढ्यावर व्हिडिओ संपतो आणि तिथूनच आमचे भोग सुरू होतात.

तुला आपल्या गावची रीत मी काय सांगायची? बैल सुटायच्या आधी एकाने उलटी बाजू घ्यायची. लोक पारावर, चुलीपाशी जे वाईट कुजबुजतात, ते त्याने टोपी उलटी घालून, शिवण बाहेर काढून, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं. मग समोरच्याने जवाब देऊन त्याची जिरवायची. जवाब मिळाला की यानं तोरणाखालची माती कपाळाला लावायची आणि टोपी सुलटी करायची. जवाब मिळेपर्यंत टोपीला हात लावायचा नाही. पण पुण्या-मुंबईच्या माणसाला टोपीची शिवण काय सांगणार?

यंदा जवाबाला रुपाबाई होती, बचत गटाची. तोरणाखाली आजवर बाई कधी बोलली नव्हती. मामा म्हाताऱ्यांच्या घरोघरी गेले, हातापाया पडले, तेव्हा तिला उभं राहू दिलं. आणि काय बोलली गं ती!

भाकर जयली तव्यावर, तू होता का झोपला?
उलथनं उचलाले का हात तुहा कापला?
दावं घेऊन आला शाना, गाठ त्याले येईना,
बैल म्हने हा कोन, गोठ्यात कोनी घेईना!

माणसं हसून लोळली. मामांनी माती लावली, टोपी फिरवली. पण ज्याने फोनवर घेतलं, त्याने आपल्याला मजेचं वाटलं तेवढं ठेवून बाकीचं पुसलं. पोटात पाप नव्हतं त्याच्या, तोही आता घराबाहेर पडत नाही.

मामांच्या शाळेच्या संस्थेकडे तक्रारींचा पाऊस आहे. दीड वर्षावर रिटायरमेंट आली आणि हे असं. घरात माणूस असून घर मुकं झालंय. उद्या महालक्ष्म्या बसायच्या, पण हात चालत नाही.

तू बायकांच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या संस्थेत आहेस. तुझं लोक ऐकतील. काहीतरी कर. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तुळसामामी

*

पुणे
१६ सप्टेंबर २०२४

ती. मामीस वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून खूप वाईट वाटलं. इकडे कामाचा इतका रगाडा आहे की तो व्हिडिओ मी नीटसा पाहिलेलाही नाही. ऑफिसात कोणीतरी बोलत होतं एवढंच कानावर आलं. गणपतीमुळे रस्ते बंद, घरी पोचायला उशीर होतो, घरमालकीण पाण्यावरून कटकट करते, असं सगळं चाललंय.

मामांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. हे आठ-पंधरा दिवसांचं असतं. लोकांना दुसरं काही मिळालं की विसरतात. कोणाला उलट उत्तर मात्र देऊ नका, त्याने आग वाढते. रुपाबाईनेच का नाही सांगत पूर्ण हकिकत? ज्या बाईचा अपमान झाला म्हणतात, तीच बोलली तर लोक नक्की ऐकतील. माझं म्हणशील तर मी तिथे नव्हते. न पाहिलेल्या गोष्टीवर मी कशी बोलू?

तब्येत जपा. मामांच्या बीपीच्या गोळ्या चुकवू नका. मला विसरू नका एवढंच मागणं.

तुझी,
वर्षा

*

मेडशी
२६ सप्टेंबर २०२४

चि. वर्षाराणीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामांना वाचून दाखवलं. गणपती, घरमालकीण, गोळ्या, सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा हसले. म्हणाले की पोरगी फार गोल गोल लिहून राह्यली, मी शिकवलं तसं सरळ नाही लिहीत. बाई गं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. जो व्हिडिओ साऱ्या महाराष्ट्राने पाहिला, तो तू नीटसा पाहिला नाहीस?

रुपाबाईचं म्हणशील, तर तिने सांगून पाहिलं. एक चॅनेलवाला आला होता. हिने त्याला अंगणात बसवून, चहा पाजून सगळं सांगितलं, आपला जवाबही म्हणून दाखवला. त्याने खाली काय लिहून टाकलं ठाऊक आहे? पीडित महिला गावाच्या दबावाखाली बोलतेय. तेव्हापासून ती संतापली आहे. ती म्हणते की मले जन्मात पहिल्यांदा तोंड भेटलं अन् हे लोक म्हन्तात ते तुहं नाही. बायकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एका बाईचं बोलणं तेवढं कापून टाकलं, याला काय म्हणावं?

परवा मामांना निलंबनाचं पत्र आलं. संस्थेचे सचिव घरी आले होते. वागायला गोड माणूस. म्हणाले की सर, तुमी कसे आहात ते मले ठाऊक आहे, पण मले संस्था सांभाळा लागते. दसऱ्यानंतर कॅमेऱ्यासमोर माफी वाचायची, मजकूर ते देणार. यापुढे कधीच झडती म्हणणार नाही, हेही त्यात आहे. वाचली तर नोकरीचं बघू, नाहीतर चौकशी लागणार आणि पेन्शनही अडकणार. मामांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. वाट बघताहेत, आणि कोणाची ते मला विचारू नकोस.

मला एक ओळ पाहिजे तुझी. फक्त एवढंच लिही की मी त्या गावची, त्या माणसाची भाची, दहावीपर्यंत त्यांच्या घरी वाढले, आणि त्या झडतीला जवाब होता. तुझ्या जातीचं, म्हणजे तुझ्या त्या लिहिणाऱ्यांच्या जातीचं माणूस बोललं तरच ते ऐकतील. आमचं कोण ऐकतो?

रागावले आहे, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

तुळसामामी

*

पुणे
३ ऑक्टोबर २०२४

ती. मामीस शि. सा. न. वि. वि.

खरं सांगते. व्हिडिओ मी पहिल्याच दिवशी पाहिला. आमच्या प्रमुख वैजयंतीताईंनी तो ऑफिसात मोठ्या पडद्यावर लावला. त्याविरुद्ध पहिली मोठी पोस्ट त्यांचीच. वाशीमचा आहे कळल्यावर सगळे माझ्याकडे वळले, कोण आहे गं हा म्हणून. मी म्हटलं, माहीत नाही. टोपीची शिवण मला दिसत होती, मामी. तरी म्हटलं.

आता एक ओळ लिहिली तर आधी विचारतील की तेव्हा का नाही बोललीस. मागे आमच्याच एका मुलीने एवढंच म्हटलं होतं, की कोणावर तुटून पडायच्या आधी पूर्ण ऐकून घेऊ या. आठवड्यात तिला सगळ्या ग्रुपमधून काढलं. डब्याला तिच्याजवळ कोणी बसेना, शेवटी तीच सोडून गेली. त्या वेळी मीही दुसऱ्या टेबलावर बसले होते. माझं काम डिसेंबरपर्यंतच्या कराराचं आहे.

मामांना माफी वाचायला सांग. चार ओळी तर आहेत, वाचल्या की संपलं. माझ्यावर रागाव, पण मला तोडू नकोस.

वर्षा

*

मेडशी
१८ ऑक्टोबर २०२४

श्री. रा. रा. वर्षा राणीसाहेब यांस मामाचा मुजरा. वि. वि.

तुझी सगळी पत्रं तुझी मामीच मला वाचून दाखवते आणि वाचताना मधल्या ओळी खाते. शेवटचं मी करंड्याखालून काढून स्वतः वाचलं. घाबरू नकोस, रागावलो नाही. घाबरलेलं माणूस मी आरशात रोज बघतो.

परवा माफी वाचली. सभागृहात संस्थेची माणसं, बाहेरचे दोन कॅमेरे, मागे खुर्च्यांवर गाव. शाळेत मी कधी टोपी घालत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी घातली. सचिवांना बरं वाटलं. म्हणाले की सर, टोपीत तुमी गरीब दिसता, लोकायले दया येईन. मग मी वाचलं. बोललो ही चूक झाली. गंमतीतही असं बोलणं पाप आहे. यापुढे तोंड उघडणार नाही, इतरांनीही उघडू नये. माझ्या विद्यार्थ्यांनी यापासून धडा घ्यावा.

हे शेवटचं वाक्य त्यांनी घातलेलं. तिथे माझा आवाज फाटला. बत्तीस वर्षं मी पोरांना उभं करून म्हणत आलो, बोल, चुकलं तरी बोल. त्याच पोरांना सांगितलं की गप्प बसा. वर्षा, शिव्यांनी मला झोपवलं नव्हतं. त्या वाक्याने झोपवलं.

वाचताना मागे गावातलं एकही माणूस हललं नाही. रुपाबाई उठून उभी राहिली, पण तिला बसवलं. आज कार्यक्रमात बायांचं बोलणं नाही, असं सांगितलं म्हणे.

व्हिडिओ सगळीकडे गेलाय. सवड झाली तर बघ. नीट बघ. तुला लहानपणी बघायला शिकवलं होतं तसं.

गोळ्या घेतो. लहान होतीस तेव्हा हट्टाने लोभ मागायचीस, आता मी मागतो.

तुझा,
जगदेवमामा

*

पुणे
२४ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस वर्षाराणीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पाहिला. तुमचा खाली घातलेला चेहरा आधी दिसला आणि मी बंद करणार होते. मग तुम्ही वाचायला मान वर केलीत. पांढऱ्या टोपीवर कडेने शिवण दिसली, एका ठिकाणी दोरा लोंबत होता. मामा, तुम्ही माफी उलट्या टोपीत वाचलीत! त्यांच्या नाकासमोर, त्यांच्याच कॅमेऱ्यात, उलटी बाजू म्हणून वाचलीत. ऑफिसात सगळे म्हणत होते, बघा कसा वठणीवर आला. मी बाथरूममध्ये जाऊन आधी हसले आणि मग फार रडले.

कारण मला कळलं की जवाब कोणाकडे थकलाय. रुपाबाईला बसवलं, गाव घाबरलं, आणि तुम्ही मला लिहिलंत, नीट बघ.

काल मी व्हिडिओवर जवाब दिला. स्वतःच्या नावाने, तोंड दाखवून, तुमची भाची म्हणून. सोबत रीत सांगितली, टोपीचं सांगितलं, आणि त्या दिवशी ऑफिसात मी खोटं बोलले तेही. तोरण नव्हतं, खोलीची चौकट होती.

तोंड शिवून बसला मामा, म्हने बोलनं झालं पाप,
सवालच नाही राह्यला तं जवाब देईन कोनाचा बाप?
अर्धं आयकून फाशी देता, पुरं आयकाले येळ नाही,
रुपाबाईचा आवाज कापला, हा बाईशी खेळ नाही?

पुढचं तुम्हाला कळवते म्हणजे दुसरीकडून कळायला नको. संध्याकाळपर्यंत तुमच्या शिव्या माझ्याकडे आल्या. वैजयंतीताईंनी बोलावून सांगितलं की करार पुढे वाढणार नाही. मग दार लावून हळूच विचारलं की रुपाबाईचा पूर्ण जवाब मिळेल का. मी म्हटलं, तो पुसला गेला, आता तिलाच भेटावं लागेल. येईन म्हणाल्या नाहीत. नाही येणार, असंही म्हणाल्या नाहीत.

भीती गेली आहे असं समजू नका. फोन वाजला की आधी नंबर बघते, मगच उचलते. मामीला सांगा, तिने एक ओळ मागितली होती, चार दिल्या आहेत. उशिरा दिल्या म्हणून लोभात काटछाट नको.

तुमची,
वर्षा

*

मेडशी
२९ ऑक्टोबर २०२४

चि. वर्षाराणीस मामीचे आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं, पण जवाब त्याआधीच आला होता. रुपाबाई फोन घेऊन धावतच घरी आली. मामा अंगणात सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होते. माफीच्या दिवसापासून टोपी त्यांनी डोक्यावरून काढली तरी सुलटी केली नव्हती. मी धुऊन दोरीवर टाकायची, वाळली की पुन्हा शिवण बाहेर करूनच घालायचे. मला वाटायचं, आता जवाब देणार कोण, माणूस भ्रमिष्ट झाला. मला एका शब्दाने सांगितलं नाही की जवाब तुझ्याकडे मागितला आहे!

तुझा जवाब उभ्यानेच ऐकला. पुन्हा लावायला सांगितलं. रुपाबाई रडत होती. मामा खाली वाकले, अंगणातलीच माती कपाळाला लावली आणि टोपी काढून सुलटी केली. मग म्हणाले की दुसऱ्या ओळीत ठेका घसरला पोरीचा, ते मी शिकवलेलं नाही. एवढं बोलून आत गेले आणि तोंडावर पाणी मारत बराच वेळ मोरीत राहिले.

संस्थेलाही टोपी कळली आता. सचिवांचा निरोप आहे, माफी धरली जाणार नाही, चौकशी लागणार. पेन्शनचं काय होईल देव जाणे. तुझंही डिसेंबरनंतर तेच. दोघं मिळून माझ्या डोक्याला ताप आहात. हे पत्र पोचेतो दिवाळी सरत येईल, तरी ये, अनारसे ठेवले आहेत, आणि येताना त्या तुझ्या ताईला आणता आलं तर आण. रुपाबाई तिच्यासाठी चहा ठेवते म्हणाली, तोंडावर सुनवायला चार गोष्टीही राखून ठेवल्या आहेत.

एक सांगायचं राहिलं. पुढच्या पोळ्याला ते पुन्हा टोपी उलटी करणार म्हणतात. मला भीती वाटते, वर्षा, आतापासूनच वाटते. पण टोपीची ती शिवण उसवत चालली होती, ती आज दुपारी मी बसून पक्की केली.

माया आहे तशीच आहे.

तुझी,
तुळसामामी